पंधरा दिवस मागितले होते तुम्ही

आई,

तुम्ही गेल्याला आज चौदा दिवस झाले. भेटायला आलेल्यांपैकी दोघांनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "लस घेतली होती का गं त्यांनी?" एका काकूंच्या मनात होतं, घेतली नसेल म्हणून गेल्या. दुसऱ्या काकांच्या मनात, घेतली होती म्हणूनच गेल्या. मी दोघांनाही तेच सांगितलं. वय पंच्याहत्तर, मंगळवारची दुपार, जेवून आडव्या झाल्या आणि चहाला उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. दोघंही जरा निराश झाल्यासारखी वाटली.

मी अजून रडलेले नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, नुसतं कळवते. फ्युनरल होमचे फॉर्म मी भरले. 'मृत व्यक्तीशी नातं' या रकान्यात सून लिहिलं, मग सुहासला सही करायची आहे हे लक्षात आल्यावर खोडून मुलगा लिहिलं. आजीसाठी सई युनिव्हर्सिटीतून आली, चार दिवस तुमच्या खोलीत झोपली, परीक्षेला परत गेली. तुमच्या बीपीच्या गोळ्या फार्मसीने नेहमीसारख्या पाठवल्या. त्याही मी घेऊन कपाटात ठेवल्या. परत पाठवायला हव्या होत्या, ते सुचलंच नाही.

बाबा गेल्यावर तुम्ही इकडे अमेरिकेत, ट्रॉयला आमच्याकडे आलात, त्याला चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत आपण भांडलो म्हणण्यासारखं एकदाच. लोकांच्या सासवा-सुनांची भांडणं घरातल्या गोष्टींवरून होतात. आपलं झालं लोरेटावरून.

लोरेटा तुम्हाला भेटली ती माझ्यामुळे. साथ यायच्या आधीच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून तुम्ही घसरलात, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर सहा आठवडे मी जिथे एचआर मॅनेजर आहे त्याच केंद्रात राहिलात. तिथे खालच्या मजल्यावर ऑपरेशन झालेले लोक पुन्हा चालायला शिकतात, आणि वरच्या मजल्यांवर आता घरी परत न जाणारी म्हातारी माणसं राहतात. लोरेटा एड होती. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवणं, बसवणं, हे तिचं काम. डेट्रॉइटची, पन्नाशीची, उंच बाई. कितीतरी वर्षं तिथेच.

परक्या बाईकडून अंघोळ घालून घ्यायची तुम्हाला लाज वाटत होती. पहिले दोन दिवस तुम्ही नकोच म्हणालात. तिसऱ्या दिवशी मी लंच ब्रेकमध्ये आले, तर तुम्ही न्हाऊन, वेणी घालून बसलेल्या.

"ती विचारते गं," तुम्ही म्हणालात. "हात लावायच्या आधी दर वेळी विचारते. मे आय, मामा? पाठीला हात लावताना मे आय, पाय उचलताना मे आय. मी मान हलवेपर्यंत थांबते." मग हसलात. "तेवढं मामा म्हणू नको म्हणून सांग तिला. मी काय तिच्या आईचा भाऊ आहे?"

मी तिला मामाचा मराठी अर्थ सांगितला. ती पोट धरून हसली आणि मामाच म्हणत राहिली.

मग साथ आली. त्या हिवाळ्याबद्दल मी घरी फार बोलले नाही, पण तुम्हाला दिसत होतं. मी गॅरेजमध्ये कपडे बदलायचे आणि तुम्ही दाराशी गरम पाण्याची बादली ठेवायचात. तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. माणसं कमी पडली म्हणून आम्ही ऑफिसमधले लोकही वर जात होतो. हॅरल्ड नावाचे एक आजोबा होते, गाडीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, मला 'बॉस' म्हणायचे. त्यांच्या शेवटच्या दुपारी त्यांच्या मुलीला दिसावं म्हणून फोन मी धरला होता. हातमोज्यातून फोन निसटत होता, आणि ती पलीकडून सारखी म्हणत होती, "प्लीज स्थिर धरा, मला बाबा दिसत नाहीयेत."

म्हणून लस आली तेव्हा माझ्या मनात काही प्रश्न उरलाच नव्हता. तुमच्याही नव्हता. तुमचा नंबर लागला त्या दिवशी तुम्ही सकाळी सातलाच बाही वर करून बसलात. टोचून झाल्यावर गाडीत म्हणालात, "सुई चांगली आहे त्यांची. पण टोचणाऱ्या मुलाचा हात फार घाईचा आहे." तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम केलेल्या बाईचं मत ते. जालन्याकडच्या गावांमध्ये लोक तुम्हाला 'देवी टोचणारी बाई' म्हणायचे, हे सुहास मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगायचा.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या कंपनीने पत्र काढलं. शुक्रवारपर्यंत सगळ्या कर्मचाऱ्यांनी लस घ्यायची, नाहीतर नोकरी संपली. सूट हवी असेल तर फॉर्म. फॉर्मवर दोन चौकोन होते: वैद्यकीय कारण, धार्मिक कारण. आम्हाला वकिलांनी बजावून सांगितलं होतं, आपण होऊन कुणाला कारण विचारायचं नाही. फॉर्म पूर्ण आहे की नाही, तेवढंच बघायचं.

सोमवारी लस न घेतलेल्यांची यादी माझ्याकडे आली. त्या संध्याकाळी तुम्ही डायनिंग टेबलवर मेथी निवडत होतात. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलंत, "लोरेटा आहे का त्यात?"

मी बॅग खुर्चीला अडकवली.

"शुक्रवारपर्यंत घेतली नाही तर?"

"तर काढावं लागेल."

"तू काढणार?"

"कंपनी काढणार. सांगणार मी."

तुमचे हात थांबले. "ज्या बाईने विचारल्याशिवाय माझ्या अंगाला कधी हात लावला नाही, तिला तुम्ही साधं विचारणारही नाही?"

मी चिडले. "तिची मर्जी तिच्या अंगापुरती असती तर माझं काही म्हणणं नव्हतं, आई. ती नव्वदीच्या माणसांना मिठीत धरून उचलते. त्यांचं काय? हॅरल्डला कुणी विचारलं होतं?"

"खरं आहे," तुम्ही म्हणालात. "तू म्हणतेस त्यातलं एक अक्षर खोटं नाही."

"मग?"

"मग मला पंधरा दिवस दे. मी बोलते तिच्याशी."

तेव्हा मी हसले. ते हसणं मला आता ऐकू येतं. म्हणाले, "तुम्ही? कुठल्या भाषेत?"

"सई बसेल शेजारी."

मी सांगितलं की हे असं करता येत नाही, ही गोपनीय माहिती असते, माझी नोकरी जाईल. आणि मग, जिंकायचंच होतं म्हणून, म्हणाले, "तुम्ही देवीची लस टोचत गावोगाव फिरलात. तेव्हा काय प्रत्येकाची परवानगी घेत होतात?"

तुम्ही मेथी बाजूला सारलीत. मग जे सांगितलंत ते सुहासनेही कधी ऐकलं नव्हतं.

नोकरीचं पहिलं वर्ष. एका गावात देवी आलेला मुलगा सापडला होता, आणि आसपासचं एकही घर टोचल्याशिवाय सोडायचं नाही असा हुकूम होता. दोन घरं पलीकडे एक बाई तान्ह्या पोराला घेऊन कणगीमागे लपून बसली होती. धान्याची कणगी, आणि मागे भिंतीत जेमतेम माणूस मावेल इतकी जागा. ती म्हणत होती, "बाई, उद्या या. मालक बाजाराला गेलेत. त्यांना विचारते. उद्या या."

"उद्यापर्यंत थांबता येत नव्हतं," तुम्ही म्हणालात. "कोतवालाने तिचा एक दंड धरला, मुकादमाने दुसरा. मी टोचलं. मग पदराखालून पोर काढून घेतलं, त्याला टोचलं. दंड धरेपर्यंत ती ओरडत होती. धरल्यावर एकदम गप्प झाली. बघतही नव्हती माझ्याकडे."

"पण देवी थांबल्या ना त्या गावात?"

"थांबल्या."

"मग तुम्ही केलंत ते बरोबरच होतं."

"होतं. उद्या पुन्हा तिथे उभी केलीस तर पुन्हा तेच करीन, असं वाटतं. पण बरोबर होतं एवढ्यावर ते सुटत नाही गं. इतकी वर्षं झाली." तुम्ही मेथीची एक काडी उचललीत आणि तशीच धरून बसलात. "पुढे मी कोतवालाला बरोबर नेलं नाही. घरी जायचे, पाणी मागायचे, बसायचे. एका घरी सात वेळा गेले. सातव्यांदा त्या बाईने आपण होऊन दंड पुढे केला. पण तिथे शेजारी देवीचा रोगी नव्हता. मला वेळ होता. तुझ्याकडे वेळ आहे का, एवढंच मी विचारतेय."

"नाही," मी म्हणाले. "तिसरा मजला भरून माणसं झोपली आहेत, आई."

तुम्ही मान हलवलीत. मेथी उचलून आत गेलात.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता लोरेटा माझ्या खोलीत आली. मी ठरवून दिलेली वाक्यं म्हटली. कंपनी तुमच्या वैयक्तिक निर्णयाचा आदर करते, वगैरे. तिने गळ्यातला बॅज काढून टेबलावर ठेवला. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय म्हणाली?" मी सांगितलं, "काही नाही. शांतपणे गेली."

ते खोटं होतं. उठताना ती म्हणाली होती, "तुम्ही मला विचारणार नाही, का ते?" आणि मी म्हणाले होते, "मला विचारता येत नाही." हे मी तुम्हाला सांगितलं असतं तर आपलं भांडण मी हरले असते. म्हणून नाही सांगितलं.

काही दिवसांनी तुम्ही तिचा नंबर मागितलात. मी म्हटलं, मी तो देणं नियमात बसत नाही, आणि तुम्ही तिला फोन केल्याचं कळलं तरी मला महागात पडेल. "तुझी नोकरी जाईल?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, जाऊ शकते. "मग नको," म्हणालात. पुढच्या वर्षी पुन्हा एकदा विषय काढलात. मी तेच उत्तर दिलं, तुम्हीही तेच. त्यानंतर कधीच नाही. एरवी आपलं सगळं नीट चालू होतं. तुम्ही मला पुरणाची पोळी न फाटता लाटायला शिकवलीत, मी तुम्हाला व्हिडिओ कॉल करायला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर लोक सक्ती आणि स्वातंत्र्य यावरून एकमेकांना शिव्या द्यायचे. तुम्ही चष्मा लावून सगळं वाचायचात आणि फोन उपडा ठेवायचात.

गेल्या शनिवारी तुमचा खण आवरायला घेतला. पासपोर्ट, बाबांचा फोटो, सईची शाळेतली चित्रं, आणि खाली केंद्रातून घरी सोडताना दिलेला व्यायामाचा कागद. पाय कसा उचलायचा, किती वेळा, त्याची चित्रं. कागद उलटा केला तर मागे लोरेटाचं मोठं गोल अक्षर. 'मामा, आळस केलास तर मला फोन कर,' आणि खाली तिचा नंबर.

मी पलंगावर बसले. नंबर तुमच्याकडे होता. पहिल्यापासून होता. तुम्ही माझ्याकडे नंबर मागत नव्हतात, परवानगी मागत होतात. मी नको म्हटलं, आणि तुम्ही फोन केला नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

तेव्हाही रडू आलं नाही. मी तो नंबर लावला.

ती गाडीत होती. आता घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची कामं करते. मी नाव सांगितलं. मग तुम्ही गेल्याचं सांगितलं. "ओह, मामा," ती म्हणाली. तिने गाडी कुठेतरी बाजूला घेतली असावी. इंडिकेटरची टिकटिक बराच वेळ ऐकू येत राहिली. त्रास झाला का, तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, झोपेत. तिने विचारलं, "शेवटपर्यंत चालत होती?" मी म्हटलं, रोज. पार्कच्या टोकापर्यंत. "गुड," ती म्हणाली.

मग मी विचारलं. इतक्या वर्षांनी, इंग्रजीत, अडखळत. "तुझं कारण काय होतं?"

ती म्हणाली, आधी एका इंजेक्शनने तिचा घसा बंद झाला होता, जिवावर बेतलं होतं. ती घाबरली होती. फॉर्मवर डॉक्टरची सही हवी होती आणि डॉक्टरची तारीख मिळत होती डिसेंबरची. "आणि खरं सांगू? रागही आला होता. इतकी वर्षं मी तिथे लोकांची अंगं पुसली, आणि मला एक पत्र. मी ठरवलं, ही विचारेल तर सांगेन. नाही विचारलं तर नाही सांगणार." डिसेंबरमध्ये ती डॉक्टरकडे गेली, सगळे प्रश्न विचारले, तिथेच लस घेतली. तासभर बसवून ठेवलं तिला. काही झालं नाही.

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "ओके." माफ केलं, असं त्यात नव्हतं. ऐकलं, एवढंच होतं. मला तेवढं पुष्कळ झालं.

आई, मी त्या शनिवारपासून हिशेब जुळवायचा प्रयत्न करते आहे आणि तो जुळत नाही. तिला काढल्यावरही नोव्हेंबरमध्ये आमच्या केंद्रात आजार आलाच. पण आदल्या हिवाळ्यासारखी माणसं गेली नाहीत. लस होती म्हणून. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. आणि त्याच वेळी, एक प्रश्न विचारला असता तर तिला तात्पुरतं दुसऱ्या कामावर ठेवता आलं असतं. स्वयंपाकघरात, लाँड्रीत, कुठेही. हेही तितकंच खरं आहे.

फोन ठेवण्यापूर्वी मी तिला सांगितलं की तुम्ही लस टोचणाऱ्या नर्सबाई होतात. तिला माहीतच नव्हतं. "मामा? खरंच?" मग मी तिला कणगीमागच्या बाईची गोष्ट सांगितली. तुमची परवानगी न घेता, पण मला वाटलं तुम्ही दिली असती. मग तिने विचारलं, "ती बाई नंतर मामाशी कधी बोलली?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही त्या गावात नंतरही जात असणार. तिच्या दारावरून गेला असणार. त्या गोष्टीतला मला हवा तेवढाच तुकडा मी उचलला, देवी थांबल्या एवढाच, आणि बाकीची तुमच्याकडेच राहू दिली. सुहासला विचारलं, त्याला ठाऊक नाही. जालन्याला मावशींना फोन केला, त्यांनाही नाही.

काल सोमवारी मी कामावर गेले. यंदाच्या फ्लूच्या लसीचे फॉर्म टेबलावर होते. आता पूर्वीइतकी सक्ती नाही, पण वरच्या मजल्यांवर काम करायचं तर लागते. एका नवीन मुलीने दोन्ही चौकोन रिकामे ठेवून खाली 'नको' लिहिलं होतं. मी तिला बोलावलं, दार लावलं, आणि म्हटलं, सांगायची सक्ती नाही, पण मला ऐकायचंय. का नको?

ती रडायला लागली. मग बोलली, चांगली वीस मिनिटं. त्यातलं काही मला पटलं, काही अजिबात पटलं नाही. काय करायचं ते ठरलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.

रात्री जेवताना मी सुहासला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर. मी तुझ्याबरोबर आहे."

चांगला माणूस आहे तो, आई. तुमचाच मुलगा. पण मला ते नको होतं. मला समोर मेथी निवडत बसून कुणीतरी 'नाही' म्हणायला हवं होतं.